मामाने पाहिलेली विहीर

आमच्या घरात एक रीत आहे. मुलगी द्यायचं ठरत आलं, की तिच्या मामाने मुलाच्या घरी जायचं, तिथलं पाणी स्वतःच्या हाताने काढायचं आणि ओंजळीने प्यायचं. घर बाकीच्यांनी पाहावं, शेत पाहावं, माणसं जोखावीत. पाणी मात्र मामाचं. मामा पाणी प्यायला की सुपारी फोडायची, त्याआधी नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा आमचा मामा धुळ्याहून सुरतेला आला होता. मुलगा लिंबायतचा, लूमवर कामाला, चाळीतली एक खोली. तिथे विहीर कुठली असणार? मामाने चाळीचा नळ सोडला तर तो कोरडा. पाणी संध्याकाळी येतं असं कळलं. मामा धोतर सावरून चाळीच्या पायरीवर बसला तो उठेचना. त्याची परतीची गाडी निघून गेली. मुलाकडच्यांनी चहा दिला, शेव दिली, हळूच समजावूनही पाहिलं. शेवटी एकदाचा नळ गुरगुरला. पहिलं गढूळ पाणी त्याने जाऊ दिलं, मग ओंजळ धरली, प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "चालस." तेव्हा कुठे सुपारी फुटली. घरात अजून या गोष्टीवर हसतात.

त्याच बहिणीच्या मुलीसाठी पाणी प्यायला जायची पाळी माझ्यावर आली. आणि तिथे जे पाहिलं त्याची किळस माझ्या मनातून अजून गेलेली नाही. हिवाळा लागला की सुरतेत जिथे तिथे पोंक खायला बसतात. पोंक म्हणजे आपला हुरडाच, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव आणि वर साखरगाठीसारखी गोड बोलणी. मी पूर्वी आवडीने खात असे. आता कोणी पानाचा द्रोण पुढे केला तरी मला ते तेलकट काचेचे टॅबलेट आठवतात आणि घास फिरतो.

माझी भाची रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टी बांधून शीर शोधायची, सुई टोचायची. तिचा हात इतका हलका आहे की म्हातारी माणसं तिचं नाव विचारून येतात. लहानपणी ती शाळेत जायच्या आधी गल्लीच्या नळावर रांगेत असायची, कारण आई साड्यांना घड्या घालायच्या कामावर आणि बाप लूमवर. टँकर आला की शाळा बुडायची. तिच्या गणिताच्या बाईंनी एकदा आईला बोलावून घेतलं होतं, की मुलगी हुशार आहे पण पहिल्या तासाला कधीच नसते. मी बँकेत नोकरीला, अडाजणच्या फ्लॅटमध्ये राहणारा. माझ्याकडे नळ फिरवला की पाणी. सुट्टीत ती माझ्याकडे आली की उगाचच दोनदा आंघोळ करायची, आणि माझी बायको तिला कधी अडवायची नाही.

मी जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "मामा, घर लहान असू दे. मुलगा सावळा असू दे. ते सगळं पप्पा बघतील. तुम्ही पाणी बघा. मला परत भांडी घेऊन उभं राहायचं नाही."

मी म्हणालो, "त्याने व्हिडिओ कॉल केला होता ना? विहीर दाखवली म्हणे."

"दाखवली. इतकी भरलेली होती की मला खोटी वाटली. म्हणून तुम्ही जा."

एवढंच तिचं मागणं होतं. पोरीने आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

स्थळ आणलं होतं माझ्या मेहुण्यांच्या, म्हणजे भाचीच्या वडिलांच्या, थोरल्या भावाने. हा गृहस्थ मला कधीच झेपला नाही. खिशात कायम सुपाऱ्या बाळगतो, खायला नव्हे, फोडायला. जिथे चार खान्देशी माणसं बसलेली दिसतील तिथे हा सोयरीक जुळवायला घेतो आणि जुळली की लग्नात मांडवाच्या तोंडाशी स्वतःच लग्न लावल्यासारखा उभा राहतो. त्याने आणलेलं हे स्थळ ऐकून माझी बहीण हुरळून गेली होती. घर आपल्याच खान्देशातलं, बापाने लूमवर कामं करून सुरतेबाहेर, कामरेजच्या पुढे जमीन घेतलेली, मुलगा एकुलता, कॉम्प्युटर शिकलेला. आणि त्या जमिनीवर त्याने शहरातल्या लोकांसाठी 'गाव' काढलेलं.

गाव काढणं म्हणजे काय ते मला तिथे गेल्यावर कळलं.

आम्ही तिघे पुरुष गेलो. मी, मेहुणे आणि त्यांचा हा भाऊ. घर पाहायला बायका जात नाहीत. आयुष्यभर पाणी त्यांनी भरायचं आणि ते पाहायला आम्ही जायचं, हा शहाणपणा कोणाचा ते मला ठाऊक नाही. रविवार होता. फाटकाबाहेर गाड्यांची रांग होती. फाटकावर बांबूची कमान, कमानीला प्लास्टिकच्या कणसांची तोरणं. आत पाय ठेवला आणि पहिला वास आला तो अत्तराचा. गुलाबाचं अत्तर. कुठून येतो म्हणून पाहिलं तर खांबाखांबावर डब्या लावलेल्या होत्या, सार्वजनिक मुतारीत लावतात तशा, आणि त्या थोड्या थोड्या वेळाने फुसकारत होत्या. त्या वासाखाली दुसरा एक वास होता. आंबूस, औषधी, घशाला लागणारा. लिंबायतच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. रंगाच्या मिलचं पाणी जिथून वाहतं तिथे तो असतो. मेहुण्यांना तो आला नसेल असं मी मानणार नाही. त्यांनी रुमाल काढला, नाक पुसल्यासारखं केलं आणि परत ठेवून दिला.

मुलगा समोर आला. दिसायला चांगला, बोलायला नम्र. वाकून नमस्कार केला. "मामा, तुम्ही आलात, बहु सारू वाटलं," असं काहीतरी मराठी-गुजराती म्हणाला. मग त्याने आमच्या हातात एकेक टॅबलेट दिला.

माझ्या हातातला टॅबलेट आधी कोणीतरी पोंक खाता खाता वापरलेला होता. काचेवर तेलाची बोटं उमटलेली, कोपऱ्यात शेवेचा चुरा, मागच्या कव्हराला घामाचा चिकट थर. मी माझ्या रुमालाने पुसला तर रुमाल पिवळा झाला. तो रुमाल मी तिथेच टाकून दिला.

"आता वर पकडा, मामा. आणि बघा."

मी पाहिलं. समोर उघडं माळरान होतं, कापणी झालेल्या उसाची वाळकी खोडकं, मधे मधे खांबांना टॅबलेटला खूण पटावी म्हणून लावलेले काळ्या-पांढऱ्या चौकटींचे बोर्ड. पण काचेत त्याच जागी ज्वारी डोलत होती, माणसाच्या डोक्याच्या वर. चिमण्या उडत होत्या. बैलजोडी चालत होती, आणि तिच्या पायांखाली धूळही उडत होती. काच खाली केली की खोडकं, वर केली की ज्वारी. आजूबाजूला शहरातली माणसं हातभर अंतरावर टॅबलेट धरून चालत होती आणि "अरे वाह, जुओ जुओ" करत होती. एका बाईने काचेतल्या बैलाबरोबर फोटो काढला. तिच्या चपलेखाली खरी खोडकं कडकड मोडत होती, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. एक गृहस्थ बोर्डाच्या खांबाला टेकून गुटखा थुंकला. ती पिचकारी काचेत दिसली नाही, कारण तिथे काचेत सूर्यफूल होतं.

मला मुलाचा राग यायच्या आधी त्या लोकांचाच आला. गाव पाहायला म्हणून गाड्या काढून आलेली ही माणसं, आणि पायाखालच्या जमिनीकडे एकाने म्हणून पाहिलं नाही. शेवेचे द्रोण त्यांनी खऱ्या बांधावर टाकले होते. काचेतला बांध स्वच्छ होता.

मेहुण्यांचा भाऊ मात्र नुसता विरघळला होता. "काय ज्वारी शे, काय ज्वारी शे," करत तो टॅबलेट डोळ्यांपुढे धरून चालत होता. एका खड्ड्यात त्याचा पाय गेला आणि गुडघ्यापर्यंत चिखल उडाला, तरी त्याने टॅबलेट खाली केला नाही. मेहुणे त्याची री ओढत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या आनंदाचीच मला जास्त घृणा वाटली. जन्मभर लूमच्या खडखडाटात कान घालवलेला माणूस. त्याला मुलगी शेतावर द्यायची होती, हिरव्यागार शेतावर. समोर हिरवं दिसत होतं. ते कशात दिसतंय हे त्याला विचारायचंच नव्हतं.

मग मुलाचे वडील आले. त्यांनी आमची रीत ऐकलेली होती. "मामास्नी पानी देखानं ना? चला, हीर देखाडतू," म्हणाले, आणि सगळी वरात विहिरीकडे निघाली.

विहिरीला गोल दगडी काठ होता, नवा, सिमेंटच्या दगडांचा. काठावर पुन्हा त्या काळ्या-पांढऱ्या चौकटी. मुलाने सांगितलं, टॅबलेट वर धरा. धरला. विहीर काठोकाठ भरलेली. पाणी असं निळं, की तळाचा खडा दिसावा. वर रहाट. आणि रहाटाशी एक बाई उभी, हिरवं लुगडं, डोईवर पदर, विशीतली, हसरी. तिने दोर सोडला, बादली बुडाली, ती हात मागे घेत घेत दोर ओढू लागली. ओढताना तिचा डावा खांदा जरा झुकायचा आणि मनगट आत वळायचं. बादली वर आली. तिने ती काठावर ठेवली, आमच्याकडे पाहून हसली, आणि पुन्हा दोर सोडला.

"ही माझी मम्मी आहे," मुलगा म्हणाला. "जुना फोटो होता लग्नातला, त्यावरून चेहरा केला. आणि पाणी काढायची स्टाइल मम्मीचीच, कॅमेऱ्यासमोर तिच्याकडून करून घेतली. दोन दिवस तेच करत होती बिचारी. सगळ्यांना हीच आवडते."

मेहुणे म्हणाले, "वा, वा."

"पण आता लोक कंटाळले. नवं पाहिजे." तो लाजला, खरंच लाजला. "म्हणून मी म्हटलं, लग्न झालं की हिच्या जागी हिची... म्हणजे तुमच्या भाचीची करू."

मेहुणे खो खो हसले. "म्हंजे आमनी पोर रोज हिरवर." त्यांच्या भावाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. मुलाचे वडील हसले. माझ्या भाचीचा चेहरा उचलून तिथे लावायचा, आणि गुटखा खाणाऱ्या, शेव चघळणाऱ्या परक्या माणसांपुढे तिने दर रविवारी न थकता पाणी शेंदायचं, हसत. जी पोर मला म्हणाली होती की परत भांडी घेऊन उभं राहायचं नाही.

मुलाच्या वडिलांनी बिसलेरीसारखी एक सीलबंद बाटली माझ्या हातात दिली. "ल्या, मामा, पानी पी ल्या."

मेहुण्यांचा भाऊ लगेच म्हणाला, "मामास्नी पानी देखं, झायं. चला, सुपारी काढू." त्याचा हात खिशात गेलाही होता.

मी टॅबलेट काठावर ठेवला आणि डोळ्यांनी पाहिलं. विहिरीवर लोखंडी जाळी होती. जाळीवर प्लास्टिकचा कागद ताणून बांधलेला, आणि कागदावर तीच चौकट छापलेली. कागदाच्या दोऱ्या पक्क्या होत्या, पण एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला होता. मी तो उचलला. आतून जो भपकारा आला त्याने माझ्या डोळ्यांना पाणी आलं. खाली, बरंच खाली, जांभळट काळं काहीतरी होतं आणि त्यावर फेसाची साय. एक मेलेलं कबूतर फेसात अडकलं होतं. खाडीतून जमिनीत आणि जमिनीतून विहिरीत. मिल कोणाची, कुठली, ते मी विचारलं नाही. विचारून काय करणार होतो?

मी कागद सोडून दिला आणि हात धुवायला जागा कुठे आहे म्हणून विचारलं. कोणी सांगायच्या आधीच बांबूच्या तट्ट्याच्या मागे गेलो. मला त्या माणसांपासून बाजूला व्हायचं होतं.

तट्ट्याच्या मागे टँकर उभा होता. टँकरच्या पाइपाशी एक बाई उकिडवी बसली होती, हंडे-कळश्या भोवती मांडून. पन्नाशी उलटलेली. एक हंडा भरला की ती पाइप दुसऱ्यात सरकवायची आणि भरलेला हंडा ओढून बाजूला करायची. ओढताना तिचा डावा खांदा झुकायचा आणि मनगट आत वळायचं. मी ते बघत उभा राहिलो. तिला वाटलं मी पाहुण्यांपैकी वाट चुकलेला आहे, म्हणून ती पदर सावरून उठली. मी सांगितलं, मी मुलीचा मामा.

"बठा, भाऊ," ती म्हणाली. तांब्या भरून तिने माझ्यापुढे केला. "टँकरनं शे. पेवाले चालस."

मी विचारलं, "आणि विहिरीचं?"

"हिरना पानीमा लुगडं धोयं का रंगी जास." मग तट्ट्यापलीकडच्या विहिरीकडे मान करून तिने विचारलं, "तठे मी हासी राह्यनू ना?"

मी हो म्हणालो.

"मी म्हनं, पाहुणा येई राह्यनात, मी बी येस समोर. ते पोऱ्या म्हने, माय, तू तठे शेच ना, मंग परत कसाले येस?" तिने पाइप सरकवला. ती चिडून बोलत नव्हती. मुलाने पाहुण्यांसमोर येऊ दिलं नाही हे ती साधं सांगत होती, आणि त्यामुळे मला ते ऐकवत नव्हतं. "तुमनी पोरले सांगजात, भाऊ. आठे हांडा उचलना पडतीन. मी सांगं आसं नका सांगू."

मी तांब्या खाली ठेवला. ते पाणी मी प्यायलो नाही. प्यायलो असतो तर आमच्या रीतीप्रमाणे होकार झाला असता.

परत आलो तर ओट्यावर सतरंजी घातलेली, कुंकवाचं ताट मांडलेलं, मेहुण्यांच्या भावाच्या तळहातावर सुपारी. मी उभ्यानेच म्हणालो, "मी पाणी अजून प्यायलो नाही. मला विहिरीचं पाणी शेंदून द्या."

मेहुण्यांच्या भावाने सुपारी मुठीत मिटली. खांबावरची डबी फुसकारली.

मुलाचे वडील हसण्यावारी नेत म्हणाले, "आते हिरनं पानी कोन पेस, पावना?"

मेहुण्यांच्या भावानेही तेच धरलं. "सुरतेत आपण तरी कुठे विहिरीचं पितो?"

"नाही पीत," मी म्हणालो. "पण आपण कोणाला भरलेली विहीर दाखवतही नाही."

मेहुणे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या ताटात थुंकलो होतो. मुलगा मात्र पुढे आला. त्याचा आवाज चढला नाही. "मामा, लोक पैसे देऊन गाव बघायला येतात. आहे ते दाखवलं तर कोण येईल? हे बंद केलं तर आम्ही खाणार काय? ऊस पण आता नीट येत नाही." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. विहीर त्याने घाण केली नव्हती. त्याच्या बापाने घाम गाळून घेतलेल्या जमिनीत दुसऱ्याचं विष उतरलं होतं. पण त्याने काय केलं, तर त्यावर कागद ताणला, वर आपल्या आईला उभं केलं, आणि आईला मागे टँकरवर बसवलं. त्याची कीव करायला मी तयार होतो. त्याला पोर द्यायला नाही.

मी तसं बोललो. जरा जास्तच मोठ्याने बोललो, कारण ओट्याच्या पलीकडचे पाहुणे टॅबलेट खाली करून आमच्याकडे बघायला लागले. तेवढ्यापुरतं त्यांनी खरं काहीतरी पाहिलं. सुपारी परत खिशात गेली.

लिंबायतला पोचलो तर भाची दारातच उभी. लॅबमधून अर्धी सुट्टी घेऊन आलेली, अंगात अजून तो पांढरा कोट. बापाकडे न बघता तिने मला विचारलं, "पाणी?"

मी सांगितलं. विहिरीचं सांगितलं, कागदाचं सांगितलं, काचेतल्या बाईचं सांगितलं. तिच्या जागी हिला उभं करणार होते, तेही सांगितलं. तट्ट्यामागचं सांगताना फक्त एवढंच म्हणालो की टँकर पाहिला, कारण त्या बाईने आपलं नाव सांगू नका म्हटलं होतं.

ती म्हणाली, "मग नको," आणि कोट काढून खुंटीला लावला.

माझी बहीण आतून आली ती ओरडतच. "तू मनी पोरनं वाटोळं कयं. बठ्ठास्ले चांगलं दिखनं, तुलेच कशी घाण दिखनी?" तिचं म्हणणं, वय चाललंय, अशी स्थळं परत येत नाहीत, आणि टँकर काय, इथे येत नाही का? तो तर इथेही येतो, ती म्हणाली, आपण मेलो का? उत्तर भाचीने दिलं. ती म्हणाली, "मम्मी, इथे आपण कोणाला हसून दाखवत नाही."

बहिणीने माझ्याशी बोलणं टाकलं. राखीला ती आली नाही, भाचीच्या हाती राखी पाठवली. श्रावणात कान्हबाईच्या सणाला आमच्या भाऊबंदांत नैवेद्याचे रोट झाले तेव्हा ती चुलीच्या पलीकडे बसली आणि मी अलीकडे. मेहुण्यांचा भाऊ ज्याला त्याला सांगत सुटला की शिकलेल्या मामामुळे सोयरीक मोडली, बँकेत बसून माणूस नुसते दोष काढायला शिकतो. भाचीला अजून स्थळ जुळलेलं नाही. ती हे कधी बोलून दाखवत नाही. मी मात्र तिच्याकडे बघताना अस्वस्थ होतो, कारण मी पाणी पाहिलं हे बरोबर केलं, पण त्याने तिचं घर काही झालं नाही.

यंदा हिवाळ्यात आमच्या शाखेतल्या तरुण पोरांनी पोंकची सहल काढली. मी नाही म्हणत होतो, पण निवृत्तीला आलेल्या माणसाला असे लोक आग्रहाने नेतात. बस कामरेजवरून पुढे वळली आणि मला कमान दिसली. आता ती दुप्पट मोठी झाली होती. आत टॅबलेटच्या जोडीला डोळ्यांवर बांधायचे चष्मेही आले होते. एकाच्या कपाळाचा घाम पुसायच्या आत ते दुसऱ्याच्या कपाळावर चढत होते. गुलाबाच्या डब्या वाढल्या होत्या. खालचा वासही वाढला होता. मला खरंच तिथे पाऊल टाकायचं नव्हतं.

विहिरीपाशी आमच्या कॅशिअर बाईंनी माझ्या डोळ्यांपुढे टॅबलेट धरला. "साहेब, जुओ तो खरा, केटली सुंदर छे."

रहाटाशी नवी मुलगी उभी होती. हातांवर मेंदी, गळ्यात नवं मंगळसूत्र, पिवळं लुगडं. हसत होती. तिने दोर सोडला, बादली बुडाली, आणि ती दोर ओढू लागली. ओढताना तिचा डावा खांदा झुकला आणि मनगट आत वळलं. हात त्याच बाईचे होते. त्यांनी फक्त चेहरा बदलला होता.

मी टॅबलेट परत दिला आणि तट्ट्याच्या मागे गेलो. टँकर होता. मुलाची आई होती, पार म्हातारी दिसू लागलेली; आता ती जमिनीवरच बसली होती, पाइप धरून. हंडे उचलायला सून होती, तीच काचेतली, पण मेंदी गेलेली आणि केस चिकटलेले. म्हातारीने मला ओळखलं. तिने सुनेला खूण केली, आणि सुनेने तांब्या भरून माझ्यापुढे धरला.

मी विचारलं, "माहेर कुठलं, बेटा?"

"शिरपूरकडलं."

"तुझ्याकडून घर पाहायला कोण आलं होतं?"

"मामा उना व्हता."

मला विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं. "पाणी पाहिलं होतं का त्याने?"

"देखं ना," ती म्हणाली. रिकामा हंडा तिने कमरेवरून खाली ठेवला. "हीर काठलगून भरेल शे, आसं सांगं त्यानी."

म्हातारी खाली मान घालून पाइपाकडे बघत राहिली. मी ते पाणी प्यायलो. त्याला रबराचा वास येत होता.